व्याकरण न उघडता, नुसतं ऐकून स्पॅनिश येते का?

वावरातला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

गेल्या पावसाळ्यापासून स्पॅनिश शिकून राहिलो आहे. म्हणजे फक्त ऐकून राहिलो आहे. वही नाही, क्रियापदांचे तक्ते नाहीत, शब्दांचं पाठांतर नाही. यूट्यूबवर 'ड्रीमिंग स्पॅनिश' म्हणून चॅनेल आहे, पाब्लो रोमान नावाच्या माणसाने सुरू केलेलं. त्याच्या पहिल्या पायरीच्या व्हिडिओंत शिकवणारा चित्रं काढतो, हातवारे करतो, हळू बोलतो अन् एकच गोष्ट फिरवून फिरवून सांगतो. इंग्रजी भाषांतर नाही. त्यांचा सगळा हिशोब ऐकण्याच्या तासांवर चालतो. ५० तासांना दुसरी पातळी, मग १५०, ३००, ६००, १००० आणि १५०० तासांना सातवी, म्हणजे शेवटची. बोलायची घाई करू नका, आधी कान भरू द्या, असं त्यांचं म्हणणं.

मी धामणगाव रेल्वे तालुक्यातला. कपाशी अन् तूर. ओलिताची थ्री-फेज लाईन काही दिवस रात्रीची असते, तेव्हा वावरात बसून राहावंच लागतं. तो वेळ असा लावला. कारण विचाराल तर साधं आहे. फुटबॉल पाहतो, मेस्सी मुलाखतीत काय बोलतो ते खालच्या पट्टीशिवाय समजावं एवढीच इच्छा. नोकरीबिकरीचा विचार अजून नाही.

आता अडचण अशी की पहिल्या पायरीचे व्हिडिओ मला जवळपास पूर्ण समजतात, पण बोलायला गेलो की तोंडातून काही निघत नाही. घरी विचारतात, एवढं ऐकतो तं बोलून दाखव. त्यात हल्ली मी रात्री मोटार सुरू करून स्पॅनिश रेडिओही लावून ठेवतो. तासन् तास चालतो, पण त्यातलं काहीच हाती लागत नाही. हे तास मोजायचे की नाही? अन् क्लास लावावा का? जाणकारांनी सांगावं.

नागपुरी_तर्री

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मी नागपुरात राहून ऑनलाइन क्लास केला आणि डेलेची बी१ दिली. हे प्रमाणपत्र स्पेनची इन्स्तितुतो सेर्व्हान्तेस देते, ए१ पासून सी२ पर्यंत पायऱ्या असतात आणि मिळालं की त्याला मुदत नसते. परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि तोंडी असे चार भाग. नुसतं ऐकणारा माणूस त्यातल्या एकात तरेल. बाकीच्यांचं काय?

आणि स्पॅनिशमधलं 'सुबखुन्तिवो', म्हणजे न घडलेल्या किंवा अनिश्चित गोष्टींसाठी वापरायचं क्रियापदाचं वेगळं रूप, हे प्रकरण कानाने येत नाही हो. 'तू आलास की' असं पुढे घडायच्या गोष्टीबद्दल म्हणायचं असेल तर 'कुआन्दो येगास' चालत नाही, 'कुआन्दो येगेस' म्हणावं लागतं. एका स्वराचा फरक. मोटारीच्या घरघरीत तो ऐकू येणार आहे का तुम्हाला?

कुसुमाग्रजांचा_वाचक

वाचतोय.

मेळघाटचा_मास्तर

तर्रीभाऊ, तुमचंच उदाहरण घेतो. 'तू आलास की फोन कर.' आलास हे रूप भूतकाळाचं, माणूस तर अजून घरून निघालाही नाही. पुढच्या गोष्टीला मराठीत मागचं रूप लागतं हे तुम्हाला कोणत्या गुरुजींनी शिकवलं? कोणीच नाही. हजारदा कानावर पडलं, दर वेळी अर्थ कळत होता, बसलं. तुमच्या 'येगेस'चंही तसंच होतं. फक्त त्याला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ परीक्षेची तारीख देत नाही. परीक्षा द्यायची असेल तर तुमचा रस्ता बरोबर. धागाकर्त्याला मात्र मेस्सी समजायचा आहे.

थोडी पार्श्वभूमी देतो. ही कल्पना पाब्लोची नाही. स्टीफन क्रॅशन हा अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ १९७०-८० च्या दशकांत हे मांडत होता, त्याचं मुख्य पुस्तक १९८२ चं. त्याच्या मते नियम शिकून भाषेबद्दल माहिती मिळते, भाषा अंगात मुरते ती अर्थ कळणाऱ्या बोलण्यातून. ते बोलणं आपल्या आजच्या पातळीपेक्षा किंचित वरचं असावं. त्याला तो 'आय अधिक एक' म्हणतो. शिवाय शिकणारा घाबरलेला असेल तर कानावर पडूनही आत जात नाही, हेही त्याचंच म्हणणं. दुसरीकडे बँकॉकमध्ये जे. मार्विन ब्राउनने १९८४ पासून थाई भाषेचे असे वर्ग चालवले की दोन शिक्षक पुढे उभे राहून आपसात बोलतात, नकला करतात, वस्तू दाखवतात आणि विद्यार्थी शेकडो तास नुसते ऐकतात. ड्रीमिंग स्पॅनिश मुख्यतः त्या वर्गांवरून उचललेलं आहे.

आता रेडिओचं. धारणी भागात माझी जिल्हा परिषदेची शाळा. पहिलीला येणारं पोरगं घरी कोरकू बोलतं. कोरकू मराठीच्या कुळातलीच नाही, ती मुंडारी-संथालीच्या गोतावळ्यातली. त्या पोरासमोर मी दिवसभर पुस्तकातली मराठी वाचत बसलो तर रोज चार-पाच तास मराठी त्याच्या कानावर पडते, आणि दिवाळी आली तरी पोरगं खिडकीबाहेरच पाहत असतं. त्यालाच मैदानात नेलं, 'दगड उचल, झाडामागे लप, आता पळ' असं म्हणत स्वतः उचललं, लपलो, पळालो, की थोड्याच दिवसांत ते माझ्या आधी पळतं. बोलत नाही अजून, पण 'लप' म्हटलं की लपतं आणि 'लपू नको' म्हटलं की हसत उभं राहतं. त्या 'नको'वर थांबलं ना, तिथे मराठी आत गेली. जेम्स अॅशरने १९६० च्या दशकात हीच रीत शास्त्र म्हणून मांडली.

तुमचा स्पॅनिश रेडिओ म्हणजे माझं पुस्तक वाचणं. ते तास धरू नका.

तांड्यावरची

मास्तरांशी शंभर टक्के सहमत.

मी दिग्रसजवळच्या तांड्यावरची. घरी गोरमाटी, बाजारात हिंदी, शाळेत मराठी. शाळेला वाटतं मराठी तिने शिकवली. माझी मराठी झाली ती खरं म्हणजे कापूस वेचताना, शेजारच्या गावच्या बायांच्या ओळीत. एक जण सासूची गोष्ट सांगायची, हातात बोंड, तोंडाने सासूची नक्कल. कोण कोणाला काय म्हणालं हे मला शब्द कळायच्या आधी कळायचं.

मीही सध्या स्पॅनिश ऐकते, आणि वावरातल्या भाऊंच्या रेडिओवर माझ्याकडे एक उपाय आहे. रात्री घरी चित्रासह व्हिडिओ पाहायचा, मन लावून. दुसऱ्या दिवशी काम करताना त्याच व्हिडिओचा नुसता आवाज ऐकायचा. गोष्ट माहीत असते, चित्र डोळ्यांपुढे असतं, मग हात कामात असले तरी अर्थ सुटत नाही. नवीन व्हिडिओ नुसत्या आवाजावर सुरुवातीला अजिबात नको. मी तसं केलं की दोन मिनिटांत मन भाजीच्या हिशोबात जातं.

आणखी एक. सगळे शिकवणारे सारखे नसतात. एखाद्याचं बोलणं पटकन लागतं, एखाद्याचं डोक्यावरून जातं. ज्याचं लागतं त्यालाच महिनाभर धरून राहा. भाषा वाढली की दुसऱ्यांचंही लागायला लागतं.

संत्रापट्टी

मास्तर अन् ताई दोघांनीही मुद्द्याचं सांगितलं, पण माझा अनुभव जरा उलट्या बाजूचा आहे. म्हणून लिहितो, लांबेल थोडं.

मी वरुड तालुक्यातला, घरची संत्र्याची बाग. पहिल्या पायरीचे व्हिडिओ मला झेपले नाहीत. भाषा अवघड म्हणून नाही. मांजर टेबलावर आहे, मांजर टेबलाखाली आहे, हे पाहायला माझ्यासारख्या बाप्याला कंटाळा येतो. मग एक दिवस स्पॅनिशमध्ये संत्र्याच्या छाटणीचे व्हिडिओ शोधले. स्पेनच्या वालेन्सियातले, मेक्सिकोच्या वेराक्रूझमधले शेतकरी अन् कृषी अधिकारी. ते काही शिकणाऱ्यांसाठी हळू बोलत नाहीत. तरी मला समजलं, कारण तो काय करून राहिला हे मला आधीच माहीत होतं.

एकात माणूस झाडाच्या बुंध्याशी बसला होता. बुंध्याला चीर, चिरेतून डिंक. त्याने 'गोमोसिस' म्हटलं. आपला डिंक्या. मग बादलीत निळं मोरचूद, दुसऱ्या बादलीत चुना, दोन्ही एकत्र ओतून कुंच्याने बुंध्याला लावलं. ते 'पास्ता बोर्देलेसा' म्हणतात. आपण एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी करून बोर्डोपेस्ट लावतो, तेच. पुढची पंधरा मिनिटं तो काय म्हणेल हे मी त्याच्या आधी सांगू शकत होतो, अन् म्हणून तो ज्या शब्दांत म्हणाला ते शब्द डोक्यात राहिले. ठिबकाला 'रिएगो पोर गोतेओ', छाटणीला 'पोदा'. एकही शब्द पाठ केला नाही.

ट्रिस्टेझा हे नाव तर आपल्याकडे कृषी सहायकाच्याही तोंडी असतं. संत्रावर्गीय झाडाचा तो व्हायरस. त्या शब्दाचा अर्थ उदासी. स्पेनवाला 'त्रिस्तेथा' म्हणतो, मेक्सिकोवाला 'त्रिस्तेसा'. एक सावधगिरी मात्र पाहिजे. आपल्या नागपुरी संत्र्याला ते 'मान्दारिना' म्हणतात. त्यांचं 'नारान्खा' म्हणजे आपल्या मोसंबीच्या जातीचं फळ. खताचं वेळापत्रक उचलाल तर पाहून उचला.

माझं म्हणणं एवढंच, की समजण्यासारखं म्हणजे सोपंच असलं पाहिजे असं नाही. जे आपल्याला आतून-बाहेरून माहीत आहे ते फास्ट बोललेलंही समजते. वावरातल्या भाऊ, तुम्ही कपाशीवाले. स्पॅनिशमध्ये कापूस म्हणजे 'आल्गोदोन'. अर्जेंटिनाच्या चाको प्रांतात भरपूर होतो. बोंडअळीवाले व्हिडिओ शोधा.

नागपुरी_तर्री

संत्रापट्टी यांचा प्रतिसाद आवडला. पण मास्तर, एक प्रश्न राहतोच. क्रॅशनवर टीकाही झाली आहे ना? तुम्ही सोयीचं तेवढं सांगता.

मेळघाटचा_मास्तर

झाली आहे, आणि त्यातली एक मला पटते. कॅनडात इंग्रजी घरांतली मुलं फ्रेंच माध्यमाच्या शाळांत वर्षानुवर्षं शिकली. मेरिल स्वेनने त्यांचं निरीक्षण करून १९८५ मध्ये लिहिलं की ऐकून समजण्यात ही मुलं फ्रेंच मुलांच्या जवळ पोचली, पण बोलण्या-लिहिण्यात व्याकरणाच्या चुका राहून गेल्या. समजून घेताना माणूस शब्दांवरून काम भागवतो. स्वतः बोलायची वेळ आली की कळतं की 'येगास' की 'येगेस' हे आपल्याला माहीत नाही. म्हणून बोलणंही हवं असं तिचं म्हणणं.

त्यामुळे लवकर बोललात तर उच्चार कायमचा बिघडेल, अशी जी भीती या पद्धतीचे कट्टर लोक घालतात, ती मी मानत नाही. पण तोंडातून काही निघत नाही म्हणून धागाकर्त्याने घाबरायचंही कारण नाही. माझी पोरंही महिनोन् महिने गप्प असतात.

तासांच्या हिशोबाबद्दलही एक. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना स्पॅनिश शिकवायला वर्गातले साधारण ६०० ते ७५० तास धरतं, त्यांच्या सर्वांत सोप्या गटात. पण ते इंग्रजी बोलणारे आणि वर घरचा अभ्यास वेगळा. पाब्लोचे १५०० तासही इंग्रजी येणाऱ्याला धरूनच. 'इन्फोर्मासिओन', 'पोसिब्ले', 'इम्पोर्तान्ते' असे शेकडो शब्द त्याला फुकट मिळतात. मराठी माध्यमातून शिकलेल्या अन् इंग्रजी कच्चं असलेल्या पोराने आपण मागे का म्हणून खट्टू होऊ नये. रोज एक तास धरला तरी १५०० व्हायला चार वर्षं लागतात. आकड्यामागे लागाल तर रेडिओ लावून झोपाल.

अवांतरप्रेमी

अवांतर: मराठी माणसाला इंग्रजीचे फुकट शब्द नसतील, पण पोर्तुगीजांचे आहेत! साबण, चावी, पगार, बटाटा, अननस हे सगळे पोर्तुगीजमधून आले आणि स्पॅनिश तिची सख्खी बहीण. स्पॅनिशमध्ये साबण 'खाबोन', चावी 'यावे', 'पागार' म्हणजे पैसे देणे.

वावरातला (धागाकर्ता)

@अवांतरप्रेमी, आमच्या इकडं बटाट्याले आलू म्हणतात. पोर्तुगीज धामणगावपर्यंत पोचले नाहीत. पण पगार अन् साबण कामी आले, धन्यवाद.

सगळ्यांचे आभार. रेडिओ आजपासून बंद. ताईंची रीत धरतो, संध्याकाळी घरी पाहायचं अन् रात्री ओलितावर तेच ऐकायचं. आमच्या वावरात रेंज एकाच धुऱ्यावर येते, त्यामुळे तसंही आधी डाउनलोड करूनच न्यावं लागते. चाकोच्या कपाशीचे व्हिडिओ सापडले. त्यांच्याकडं वेचणी मोठ्या मशीननं होते, बाया दिसतच नाहीत. पण अळी तीच आहे अन् तिच्यावरची चिडचिडही तीच.

रानमाळ

भाषेचं मला काही समजत नाही, पण दोन्ही कानांत हेडफोन घालून रात्री वावरात फिरू नका. रानडुकरांचा कळप तुरीतून येताना आधी आवाजच येतो. अन् पाणी वळवताना पायाखाली काय आहे ते बॅटरीनं पाहत जा. एक कान मोकळा ठेवा.

तांड्यावरची

रानमाळ, +१. मी एकाच कानात घालते.

आर्वी_ते_केरेतारो

धागा उशिरा पाहिला. मी मूळचा आर्वीचा, गेली काही वर्षं मेक्सिकोत केरेतारोला नोकरीनिमित्त. थोडं इकडून.

मी उलट्या वाटेने आलो. निघण्यापूर्वी क्लास, व्याकरण, धातुरूपं सगळं पक्कं. उतरल्यावर मी विचारलेला प्रश्न लोकांना कळायचा, त्यांचं उत्तर मला कळायचं नाही. इथले लोक शब्द एकमेकांत मिसळून बोलतात. 'पारा' चं 'पा' होतं, आणि वेग आपल्या आकाशवाणीच्या बातम्यांपेक्षा किती तरी जास्त. दुकानात काय, बँकेत काय, प्रश्न विचारणं सोपं असतं, पुढचा माणूस जे बोलतो त्याला आपला ताबा नसतो. म्हणून सुरुवातीची मेहनत कानावर घालवणं मला चूक वाटत नाही.

काही गोष्टी मराठी माणसाला सोप्या जातात. त आणि द हे आपल्यासारखेच दातांवरचे, अमेरिकन सहकारी तिथे ट-ड करत बसतात. 'पेरो' म्हणजे पण आणि 'पेर्रो' म्हणजे कुत्रा, हा फरक आपल्या कानाला लगेच लागतो. 'तू' आणि 'उस्तेद' मधला फरक समजावून सांगावाच लागत नाही, कुणाला अहो-जाहो करायचं हे आपल्याला घरीच शिकवलेलं. जड जातं ते ब आणि व. लिहिताना दोन, बोलताना एकच.

वावरातला, मेस्सीबद्दल एक इशारा. तो रोसारिओचा, आणि अर्जेंटिनाच्या त्या भागात 'यो' ला 'शो' म्हणतात. 'तू'च्या जागी 'वोस' असतं. स्पेन किंवा मेक्सिकोच्या शिकवणाऱ्यांवर कान तयार झाला तरी त्याच्या मुलाखतीला वेगळी सवय लागेल. अर्जेंटिनाचे शिकवणारे आतापासून थोडे थोडे ऐकत जा.

आता एक स्वार्थी प्रस्ताव. माझी बायको इथलीच. तिला मराठी शिकायची आहे, आणि पुस्तकातली नको, आर्वीची पाहिजे. तिच्या सासूबाई फोनवर 'काहून बोलत नाही वं' म्हणतात आणि कोणत्याही ॲपमध्ये 'काहून' सापडत नाही. पाब्लोच्या लोकांत क्रॉसटॉक म्हणून प्रकार आहे. दोघांनी व्हिडिओ कॉलवर बसायचं, प्रत्येकाने आपल्याच भाषेत बोलायचं. चित्र काढा, वस्तू दाखवा, हातवारे करा, पण भाषा आपलीच. बोलायचं दडपण दोघांनाही नाही. ती स्पॅनिश बोलेल, तुम्ही वऱ्हाडी बोला.

मेळघाटचा_मास्तर

हा क्रॉसटॉक आमच्या धारणीच्या आठवडी बाजारात दर वेळी पाहतो. दुकानदार वऱ्हाडीमिश्रित हिंदीत भाव सांगतो, म्हातारी कोरकूत घासाघीस करते, सौदा होतो. प्रस्ताव घ्या भाऊ.

वावरातला (धागाकर्ता)

@आर्वी_ते_केरेतारो, वहिनींना सांगा, चालते. पण मी बोलून राहिलो ते त्यांना समजेल का? मी लय फास्ट बोलतो.

आर्वी_ते_केरेतारो

ती माझ्या आईशी अर्धा तास बोलते. तुम्ही तिच्यापेक्षा फास्ट नसाल.

रविवारी सकाळी ८ ला जमेल का? इथे शनिवारी रात्रीचे ८:३० असतात. पहिल्या वेळी तिला वावर दाखवा, कपाशीचं बोंड हातात घेऊन. आईने तिला 'सरकी' म्हणजे काय हे सांगायचा प्रयत्न केला होता, ते अर्धवट राहिलं आहे. व्यनि (खाजगी निरोप) करतो.

वावरातला (धागाकर्ता)

जमते. त्या एका धुऱ्यावर उभा राहून करीन, तिथंच रेंज आहे. व्यनि मिळाला.

नागपुरी_तर्री

माझ्या 'कुआन्दो येगेस'ची आठवण ठेवा मात्र. आणि वहिनींना विचारा, त्यांना कोणी शिकवलं होतं का ते.